डबा आमचा, आतलं त्यांचं

आई, मी तुझ्यावर आज पुन्हा चिडले आहे. तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, माझे दात गेले, गुडघे गेले, पण ही चीड काही जात नाही. काल सुनेनं मला धाराशिवला खाद्य महोत्सवाला नेलं. मोठं मैदान, रंगीत मांडव, आणि जागोजागी फलक लावलेले, ‘आपल्या जिल्ह्यातल्या उत्पादकांना साथ द्या’. भूमकडचा खवा होता, हुलग्याचे शेंगोळे होते, शेंगदाण्याची चटणी होती. आणि एका कोपऱ्यात बचत गटाच्या मुलींनी येसर, आमटीला लावायचं भाजून दळलेलं पीठ, मांडलं होतं. आपलं येसर, आई. छापील पुडक्यात, वर जात्याचं चित्र. एक मुलगी चमच्याच्या टोकावर चिमूटभर घेऊन समोर धरत होती, घेणाऱ्याचा हात पुढं आला की गोड हसून पुडकं दाखवत होती. कुणाला फुकट मूठभर देत नव्हती आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती. मी तिथं उभी राहून तिच्याकडं बघत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. ही एवढीशी पोर जे करते ते तुला का जमलं नाही?

सून म्हणाली, "आई, बसा जरा, ऊन लागलंय." ऊन कुठलं लागतंय. मला तू लागली होतीस.

आता सगळं पहिल्यापासून सांगते, तुला माहीत असलं तरी. तू कधी मला पुरतं बोलू दिलंच नाहीस, "जाऊ दे गं" म्हणून पदर झटकून उठायचीस. आज उठता येणार नाही तुला. मी चौथी पास झाले तेव्हा आपल्या गावची शाळा तिथंच संपत होती. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं होत आली होती, गावात नवे नवे लोक यायचे, कुणी विहिरी मोजायचं, कुणी देवी टोचायचं. त्यातच ती ग्रामसेविका आली. गोल पातळ नेसणारी, पायात चपला घालून ढेकळांतून चालणारी. बायकांना गोळा करून ती सांगायची की तुमच्या हातात कला आहे, ती घरात कुजवू नका, बाजारात आणा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तू मात्र तिला रोज ताक द्यायचीस, आणि तिनं घरी पहिल्यांदा तुझी येसराची आमटी ओरपली तेव्हा ती भाकरीचा तुकडा हातात धरून नुसती बघत बसली.

तिनंच मार्ग काढला. धाराशिवात मुलींचं बोर्डिंग होतं. तिथल्या बाईंना वर्षभर येसर पुरवणारं चांगलं घर हवं होतं, कारण खेड्यांतून आलेल्या पोरी तिथलं पातळ वरण बघून रडायच्या. जे घर येसर पुरवील त्या घरची एक मुलगी बोर्डिंगात राहील, खाणं-राहणं सगळं त्यात आलं. माघात जिल्ह्याचं शेतीचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात गावोगावच्या बायकांचे खाण्याचे गाळे लागणार होते. तिसऱ्या दिवशी बोर्डिंगच्या बाई स्वतः येऊन चव बघणार आणि घर ठरवणार. ग्रामसेविकेनं तुला चारदा बजावलं, "अहो, पहिले दोन दिवस थोडंथोडं विका, पण तिसऱ्या दिवसासाठी मडकं राखून ठेवा. पोरीची शाळा त्याच्यावर आहे." तू चारही वेळा म्हणालीस, "व्हय व्हय, ठिवते की." माझ्या शाळेचं सगळं त्या एका मडक्यात होतं, आई. तुझ्या माघारी पुष्कळांनी मला सांगितलं, तिला काय कळत होतं बिचारीला. मला ते पटत नाही. तुला सगळं कळत होतं.

येसर करावं तर तूच. पाच गावांत कुणाचं लग्न निघालं की हळदीच्या आधी तुला बोलावणं यायचं, येसर भाजायला. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरं, सगळं तू वेगवेगळं भाजायचीस आणि सावलीत धोतरावर पसरून निववायचीस. मेथीचे दाणे मोजके, तेही तीन बोटांच्या चिमटीनं. आणि चाखायची नाहीस. दुसऱ्याच्या घरी जायची वस्तू उष्टी करायची नाही, हा तुझा नेम. ओंजळ नाकाशी न्यायचीस, डोळे मिटायचीस, आणि म्हणायचीस, "बरुबर हाय." तुझ्या नाकापुढं कुणी बोलत नव्हतं. लग्नघरच्या म्हाताऱ्यासुद्धा दोन्ही हातांवर पीठ घेऊन तुझ्यासमोर उभ्या राहायच्या, तेव्हा मला वाटायचं, माझ्या आईएवढं मोठं कुणी नाही.

प्रदर्शनासाठी तू दोन पायल्या येसर दळलंस. बैलगाडीनं बेंबळीवरून आपण धाराशिवला गेलो तेव्हा मडकं मी मांडीवर धरलं होतं. पहिला दिवस उजाडला आणि तू सुरू झालीस. मांडव बांधणारा दोरी ओढता ओढता म्हणाला, "वास लई झ्याक सुटलाय." झालं, त्याला पानावर मूठभर. कर्ण्यावर बोलणाऱ्या माणसाला मूठभर. कचेरीतला कारकून नुसता वाकून बघत होता, तर त्याच्या रुमालात बांधून दिलंस. ग्रामसेविका धावत आली. "अहो, हे विकायचं आहे!"

"इकायचं कसं, बाई? त्यांनी वास घेतला न्हवं? वास घेतलेल्या मानसाला इन्मुख धाडत न्हाईत. आन् वानवळा कुनी इकतं व्हय?"

वानवळा! नव्या पिकातलं, नव्या पदार्थातलं थोडं शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडं पाठवतात, तो वानवळा. गावात ठीक आहे, गावात पन्नास घरं. इथं अख्खा जिल्हा लोटला होता, आणि तू जिल्ह्याला वानवळा वाटायला बसली होतीस! ग्रामसेविकेनं डोक्याला हात लावला. मी तुझा पदर ओढत होते, तू माझा हात झटकत होतीस, आणि समोर लोक, काय सांगू, रांग लावून उभे होते. फुकटात कोण नको म्हणेल? आपण घरी परत गेल्यावर वडील म्हणालेच, "आंधळं दळतं आन् कुत्रं पीठ खातं." त्यांनी सगळ्या जन्मात तुला उलटून बोललेलं एवढंच मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी मडक्याच्या तळाशी दोन मापं उरली होती. मी त्याच्यावर झाकण ठेवून त्या झाकणावर बसले. खरंच बसले, हसू नकोस. पण शेजारच्या गाळ्यात ढोकीकडची एक बाई आली होती, मेंढरं राखणाऱ्या घरातली, तुझ्यापेक्षा वयानं लहान. तेरणा ओलांडताना तिच्या गाडीचं चाक घसरलं होतं आणि तिचं येसर भिजून गोळा झालं होतं. तिचीही पोरगी चौथी पास होती, माझ्याच वयाची, तिच्याजवळ गुमान बसलेली. ती बाई रडत नव्हती, नुसती त्या गोळ्याकडं बघत होती. तू मला म्हणालीस, "ऊठ." मी उठले नाही. तू माझ्या बखोट्याला धरून मला उठवलंस, उरलेलं सगळं येसर आपल्या पितळी डब्यात ओतलंस, तुझ्या माहेरचं नाव कोरलेल्या, आणि तो तिच्या पुढ्यात ठेवलास. "घ्या. मोकळ्या गाळ्यात बसू नका. डबा मागनं आना." मी ओरडले, "उद्या काय दावनार?" तू म्हणालीस, "उद्याचं उद्या."

आणि उद्या उगवलाच. बोर्डिंगच्या बाई आल्या, चष्मा, हातात छत्री. ग्रामसेविकेनं त्यांना आधी आपल्याकडंच आणलं. तू हसत मडकं उलटं करून दाखवलंस. "सरलं की!" त्या खूश झाल्या. "अरे वा, सगळं विकलं गेलं?" तर तू म्हणालीस, "इकलं न्हाय. वाटलं." बाईंचा चेहरा पडला. चव बघायला चिमूटभरसुद्धा नाही म्हटल्यावर त्या तरी काय करणार? त्या शेजारी सरकल्या. मांडवामागं चूल होती, तिच्यावर त्या ढोकीच्या बाईनं आमटी टाकली. वास सुटला आणि मला कळलं, अगदी डोळे मिटून कळलं, की हे कुणाचं आहे. बोर्डिंगच्या बाईंनी भाकरी बुडवून एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाल्या, "हेच पाहिजे मला."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी सगळ्यांच्या मधे जाऊन ओरडले, "ह्ये आमचं हाय! माझ्या आयचं हाय! डबा बघा, आमचाच हाय!" ढोकीची बाई पांढरी पडली. तिची पोरगी तिच्यामागं लपली. बोर्डिंगच्या बाईंनी डबा उचलून नाव वाचलं आणि तुझ्याकडं बघितलं. तुला फक्त मान हलवायची होती. एक शब्द बोलायची गरज नव्हती. तू पुढं आलीस, मला मागं ओढलंस, आणि शांतपणे म्हणालीस, "डबा आमचा हाय, बाई. आतलं त्यांचं हाय."

साठ वर्षं हे वाक्य मी लोकांना सांगते आहे. सासरी सांगितलं, शाळेत मास्तरीण झाल्यावर सांगितलं, मुलांना सांगितलं, आता नातवंडांना सांगते. आमच्या आईनं माझी शाळा उचलून डब्यासकट दुसरीला दिली. लोक हसतात, कुणी म्हणतं देवमाणूस. देवमाणूस घरात असला की घरच्यांचं काय होतं ते त्यांना काय माहीत. तुझं म्हणणं मला नंतर कळलं, की दिलेली वस्तू घेणाऱ्याची झाली, तिच्यावर पुन्हा आपलं नाव सांगणं म्हणजे चाटून परत घेणं. कळलं, पण पटलं नाही. आपल्या पोरीच्या तोंडचा घास वानवळा होत नाही, आई.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण चैत्र संपता संपता ती बाई डबा घेऊन दारात उभी. डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून हुलग्यांनी भरलेला. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आक्का, खोटं कशाला बोलू. मला तुमच्यावानी जमत न्हाय. जूनमदी पोरीला न्यायची हाय, येसर द्यायचं हाय. हात शिकवा." मला वाटलं, आता तरी तू तिला दोन शब्द सुनावशील. तू तिला आधी जेवायला वाढलंस. मग दोन दिवस आपल्या घरात ठेवून घेऊन, आपल्या चुलीवर, आपल्या जात्यावर, तू तिला सगळं शिकवलंस. कुठली डाळ आधी, कुठली मागून, धने कधी उतरवायचे, सगळं. जे मला शिकवायला तुला सवड झाली नव्हती ते. मी त्या दोन दिवसांत तिला एकदाही पाणी दिलं नाही.

आणि तेव्हा आपल्याकडं दळून ती घेऊन गेली ते येसर कडू निघालं. जूनमध्ये बोर्डिंगातल्या पहिल्याच आमटीचं आख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं. ती बाई मडकं डोक्यावर घेऊन आपल्याकडं आली, या वेळी रडतच. "आक्का, माझं काय चुकलं? पोरीला म्हागारी धाडत्यात." शेजारच्या दोघीतिघी गोळा झाल्या होत्या. तू मडक्यात हात घातलास, पीठ नाकाशी नेलंस. किती तरी वेळ तिथंच धरलंस. मग सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुमचं कायबी चुकलं न्हाय. माझाच हात जड पडला मेथीला." त्याच दिवशी दळायला बसलीस. नवं येसर घेऊन तिच्याबरोबर धाराशिवला गेलीस आणि बोर्डिंगच्या बाईंनाही तेच सांगून आलीस. तिची पोर राहिली. पण पाच गावांत बातमी फिरली की तुझ्या हातून आता मेथी जड पडते. पुढच्या लग्नसराईत तुला एकही बोलावणं आलं नाही. वैशाखात वाजंत्री वाजायची, तू दारात येऊन ऐकायचीस आणि आत जायचीस. तू कधी काही म्हणायचीच नाहीस, हाच तर माझा संताप आहे.

पुढच्या वर्षी मी त्याच बोर्डिंगात गेले. कशी गेले ते मी लोकांना सांगत नाही. त्या ढोकीच्या बाईनं बोर्डिंगच्या बाईंकडं शब्द टाकला, की ज्यांनी मला शिकवलं त्यांची पोर घरी बसली आहे, येसर वाढवून देते पण तिलाही घ्या. तिची पोरगी आणि मी सहा वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. यावरून तुझंच खरं झालं असं मी म्हणणार नाही. माझं एक वर्ष गेलं ते गेलंच.

आता उरलेलं सांगते. कुणालाच सांगितलेलं नाही.

ती बाई शिकायला आली होती त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघी विहिरीवर पाणी आणायला गेलात. चुलीवर तवा तापलेला होता. मी दोन मुठी मेथी त्याच्यावर टाकली, काळी होईपर्यंत भाजली आणि धन्यांच्या ढिगात खालपर्यंत कालवली. तुला त्या दिवशी उन्हाळी पडसं झालं होतं, नाक चोंदलेलं होतं. तेवढ्यानंच मला धीर झाला. तुम्ही आलात, तू ओंजळ भरून नाकाशी नेलीस आणि वैतागून म्हणालीस, "मला आज काय वास येत न्हाय. तू बघ गं जरा. तुझं नाक माझ्यावानीच हाय." आई, तू पहिल्यांदाच असं काही म्हणाली होतीस. मी तुझ्या ओंजळीवर वाकले. करपट, कडू वास सरळ डोळ्यांत शिरला. आणि मी म्हणाले, "बरुबर हाय."

नंतर तू जाईपर्यंत, आपल्या घरी कधीही येसर भाजलं की दळायच्या आधी तू मला हाक मारायचीस. माहेरपणाला आलेली असले तरी, पाहुणे बसलेले असले तरी. "आदी हिला वास घिऊ द्या. हिला कळतंय." ते तू मला मान म्हणून करत होतीस की शिक्षा म्हणून, ते मला आजतागायत समजलेलं नाही. तुझ्या चेहऱ्यावरून काही दिसायचं नाही. मी प्रत्येक वेळी वास घेतला, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलं.

हे पत्र मी ठेवून देणार आहे. तू जिवंत असतीस तरी याचा उपयोग नव्हता, कारण तुला वाचता येत नव्हतं. मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढं धैर्य तू होतीस तोवर मला कधी झालं नाही.

कालचं एक लिहायचं राहिलं. मी सहा पुडकी घेतली तेव्हा त्या मुलीनं एक फोडलं, चिमूटभर येसर माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही जुनी माणसं. वास घेऊन सांगा की, बरोबर आहे का?" मी तळहात नाकाशी नेला. चांगलं होतं. तुझ्यासारखं नाही, पण चांगलं होतं. तिची आई मागं उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती. मला ते दोन शब्द उच्चारता येईनात. सून म्हणाली, आई, काय झालं, रडताय कशाला.

आई, त्या दिवशी ते बरोबर नव्हतं.